साडेचौदा किलोंची सायकल

आण्णा दुकानात शिरत तेव्हा आधी सायकल शिरे, मग आण्णा.

दाराशी थांबून ते चपला काढत. कमरेला खोचलेलं जुन्या धोतराचं फडकं घेऊन सायकलची दोन्ही चाकं पुसत. मग मधले दोन नट सोडवून सतरंजीची घडी घालावी तशी त्या हिरव्या सायकलची घडी घालत. पुढचं चाक मागच्या चाकाला येऊन चिकटे. ती घडी खांद्याला अडकवायची आणि आत जायचं. किराणा दुकान असो, रेशनचं दुकान असो, नाहीतर तंबाखूची वखार. आत गेल्यावर पहिलं काम, सायकल काट्यावर ठेवायची. दुसरं काम, चष्मा पुसायचा. तिसरं, वाचायचं.

"साडेचौदा," ते म्हणत. "बरोबर हाय. आता दोन किलो साखर द्या."

बरोबर नसलं तर साखर घेत नसत. काटा किती चुकतोय ते तिथंच मोठ्यानं सांगत, सायकल उचलत आणि बाहेर येऊन चपला घालत. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. पण दुकानात चार गिऱ्हाइकं असली तर तीही त्यांच्यामागून निघत.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. निपाणीत आमच्या गल्लीत सगळे आण्णाच म्हणत. मीही तेवढंच म्हणेन. त्यापुढं जायचा हक्क मी ठेवलेला नाही.

आण्णा पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होते. तीस वर्षं दुसऱ्यांची गाठोडी तोलली. निवृत्त झाले तेव्हा बेळगावच्या कॅम्पात लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव होता, तिथून ही सायकल आणली. विमानातून छत्री लावून उडी मारणाऱ्या शिपायांसाठी केलेली सायकल, असं ते सांगत. एस. टी.च्या बसमध्येही ती ते मांडीशी घेऊन बसत. बसवाला टपावर टाका म्हणाला तर म्हणत, "तुझी बायको टपावर बसवतोस काय रं?"

आणल्या दिवशीच त्यांनी ती पोस्टाच्या काट्यावर ठेवून तोलली. साडेचौदा किलो. सीटच्या खाली, दांडीवर, पांढऱ्या रंगानं बारीक अक्षरात लिहून टाकलं, तारखेसकट. टायर बदलला, ब्रेकचे रबर बदलले की परत पोस्टात नेत, परत तोलत, नवीन आकडा आणि नवी तारीख घालत. आकडा फारसा हलत नसे. चार-पाच ओळी झाल्या होत्या.

"हे खूळ कशासाठी?" मी एकदा विचारलं. मी तेव्हा कॉलेजला होतो आणि सगळ्याच गोष्टींचं कारण विचारायची मला सवय लागली होती.

ते फडक्यानं घंटी पुसायला लागले. मग म्हणाले, "नोकरीत असताना माझा काटा बिघडला हुता. किती महिने बिघडला हुता, मला ठाव न्हाय. साहेब तपासायला आला तवा कळलं. खेड्यातनं बाया यायच्या, सैन्यातल्या पोराला लाडू धाडायला. त्यांच्याकडनं मी जादा तिकिटं लावून घेतली. माझ्या हातनं खोटं झालं आणि मला म्हाईतच न्हाय. आता त्या बाया कुठं हुडकू?" घंटी वाजवून बघितली. "माणूस खोटं बोलतोय, कागद खोटं बोलतोय. लोखंडाला बोलायलाच येत न्हाय, म्हणून त्याच्यावर माझा भरोसा."

हा माणूस विक्षिप्त होता यात शंका नाही. एकदा काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, लुगडं घ्यायला ते बेळगावला शहापूरच्या पेठेत गेले. मी पिशवी धरायला बरोबर. दुकानदारानं "बर्री आण्णा, बर्री, या या" म्हणत पांढऱ्याशुभ्र गादीवर बसवलं. आण्णांनी सायकल शेजारी गादीवर ठेवली. दुकानदार सायकलकडं बघतोय, काकू भिंतीकडं बघतायत.

"आण्णा, हितं काय तोलणार? आमच्यात हातानं मोजत्यात," दुकानदार म्हणाला.

"तोलायला न्हाय आणली. बाहेर एकटी ऱ्हायली तर रुसती."

काकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आधी सवतीला दाखवा लुगडी. तिला पसंत पडलं की मग माझं बघू."

दुकानदार इतका हसला की चहा चार कप सांगितला. चौथा कप खरोखर सायकलपुढं ठेवला. आण्णांनी तो प्याला.

पण वखारीतली गोष्ट हसण्यातली नव्हती.

माझी आई तंबाखूच्या वखारीत निवडायला जायची. दिवसभर खोकत काड्या, माती, खराब पान बाजूला करायचं आणि संध्याकाळी निवडलेल्या मालाची बुट्टी काट्यावर ठेवायची. जेवढं वजन तेवढी मजुरी. आई म्हणायची, "बुट्टी उचलताना जड लागती आन् काट्यावर गेली की हलकी हुती." आम्हाला वाटायचं, दमलेल्या माणसाला सगळंच जड लागतं. तिनं हे एकदा काकूंजवळ काढलं. दुसऱ्या दिवशी मजुरी मोजायच्या वेळी आण्णा वखारीत हजर. मी आईला न्यायला गेलो होतो, म्हणून मला हे बघायला मिळालं.

दिवाणजी वजनाची वही घेऊन बसला होता. म्हणाला, "आण्णा, तंबाखू इकायला आलाय का सायकल?"

"जरा तोलून बघतो. वाळलीया का काय, शंका येती."

काट्याची दांडी साडेतेरावर थांबली. आण्णांनी चष्मा पुसला, परत वाचलं. मग बायकांकडं वळून नाही, दिवाणजीकडं बघूनच बोलले. "माझी बायको वाळली तर मी समजू शकतो. लोखंड कसं वाळलं एक किलो?"

तीसेक बायका होत्या. एकही खोकली नाही.

चार दिवसांत काटा दुरुस्त झाला. त्या आठवड्यात आईनं मजुरी आणली तेव्हा ती दारातच उभी राहून हसत होती, हे मला आजही दिसतं. दर शनिवारी तिनं आण्णांच्या घरी भाकरी आणि मिरचीचा खर्डा धाडायला सुरुवात केली. आमच्या घरची भाकरी गल्लीत सगळ्यांना चालायची असं नाही. आण्णा ती आमच्यासमोर, ओट्यावर बसून खात.

माझ्या बी. ए.च्या फॉर्मवर सही करायला माझ्या घरात सही येणारं कोणी नव्हतं. सगळे फॉर्म आण्णांच्या ओट्यावर भरले. पास झालो तेव्हा ते मला सायकलसकट पेढ्यांच्या दुकानात घेऊन गेले, सायकल तोलली, मग पेढे तोलले, आणि दुकानदाराला म्हणाले, "आमच्या गल्लीचा पयला बी. ए. बघून ठेव." मला त्या दिवशी जमिनीपासून वीतभर वर असल्यासारखं वाटलं. ते वर असणंच मला नडलं.

निपाणीत सहकारी ग्राहक भांडार निघणार होतं. नवीन तऱ्हेचं. गिऱ्हाइकानं स्वतः फळ्यांमधून फिरायचं, तारेच्या टोपलीत माल घ्यायचा आणि दाराशी येऊन तोलून घ्यायचा. त्याला सुपरवायझर पाहिजे होता. मुलाखत बेळगावला, स्टँडपासून लांब. आण्णा आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात आले. बरोबर सायकल.

"चालत गेलास तर घामानं शर्ट भिजंल. ही ने. एकच सांगतो. कुठंबी बाहेर ठेवायची न्हाय. तू जितं आत जाशील तितं ही आत."

त्यांनी त्या सायकलला याआधी कोणाला हातही लावू दिला नव्हता.

मी बसमध्ये मांडीशी घेऊन गेलो. स्टँडवर उलगडली, ऑफिसपर्यंत गेलो. आत बाकावर वीस-पंचवीस उमेदवार बसले होते. बूट घातलेले, भांग पाडलेले. माझ्याकडं टेरिलिनचा शर्ट होता आणि माझी पदवी होती. मला वाटलं, या हिरव्या लोखंडाची घडी खांद्यावर घेऊन मी आत गेलो तर हे काय म्हणतील? साहेब काय म्हणेल? मी सायकल बाहेर भिंतीला लावली.

मुलाखत चांगली झाली. बाहेर आलो तर एक टेम्पो मागं येऊन मागच्या चाकावर चढून गेला होता. चाकाचं पार कडबोळं झालं होतं.

खडेबाजाराच्या मागं एका सायकल दुकानात नेली. मिस्त्री म्हणाला, हे चाक आता भंगारात. त्याच्याकडं एका दूधवाल्याच्या सायकलचं चाक होतं, जाड तारांचं, कॅन वाहायला केलेलं. तेच बसवलं. वर हिरवा ऑइलपेंट मारला. "आईशप्पथ, मालकाला कळायचं न्हाय," तो म्हणाला. मला तेवढंच ऐकायचं होतं.

आण्णांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी सायकलवरून हात फिरवला, नाक जवळ नेलं.

"रंगाचा वास येतोय रं."

"बसमधी कुणाचा तरी रंगाचा डबा सांडला हुता, आण्णा."

"बरं. मुलाखत कशी झाली?"

मी मुलाखतीचं सांगत बसलो. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही.

नोकरी मला मिळाली. पहिले सहा महिने तात्पुरती. भांडार उघडेपर्यंतचे ते पंधरा दिवस आण्णा तापानं अंथरुणाला होते, सायकल घरातून हलली नव्हती. भांडार उघडलं त्या दिवशी चेअरमन स्वतः दारात उभे होते, गावातली बडी माणसं होती आणि मी कडक इस्त्रीत, खिशाला पेन लावून, तबकडीच्या नव्या कोऱ्या काट्याशेजारी. दारावर पाटी होती, पिशव्या बाहेर ठेवाव्यात. अकराच्या सुमारास दारात गडबड झाली.

"आजोबा, सायकल बाहेर," राखणदार म्हणत होता.

"पाटीवर काय लिवलंय? पिशव्या. ही पिशवी हाय काय?"

चेअरमन हसले. "सोडा रे. आण्णा आहेत ते. होऊ दे आमचीही परीक्षा."

आण्णांनी चाकं पुसली, घडी घातली, आत आले. माझ्याकडं बघून असे हसले की मला अभिमानानं भरून आलं. सायकल काट्यावर ठेवली. काटा फिरला आणि पंधरावर थांबला.

त्याच क्षणी मला सगळं कळलं. दूधवाल्याचं चाक. जाड तारा. अर्धा किलो.

आण्णांनी चष्मा पुसला. परत वाचलं. एकदा माझ्याकडं बघितलं, मग खाली बघून हळूच म्हणाले, "काटा खोटा हाय. दर पंधरा किलोला अर्धा किलो माप कमी पडंल."

चेअरमनचं हसू गेलं. टोपल्या भरलेली माणसं जागच्या जागी थांबली. मी बोलायला पाहिजे होतं. चार शब्दांचं काम होतं. पण ते चार शब्द बोलायचे म्हणजे सायकल बाहेर ठेवली इथून सुरुवात करायला लागली असती, आणि समोर चेअरमन होते, सहा महिने होते, इस्त्रीचा शर्ट होता. मी काट्याची तबकडी पुसल्यासारखं केलं.

आण्णांनी लेखी तक्रार दिली. चौथ्या दिवशी वजनमापाचा इन्स्पेक्टर येणार असं ठरलं. त्या तीन दिवसांत मी तीनदा त्यांच्या घरी गेलो. तिन्ही वेळा काकूंनी चहा दिला. आण्णा म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नको. काटा तू केला न्हाईस. दुरुस्त झाला की तुझंच नाव हुईल, खऱ्या काट्याचा सुपरवायझर म्हणून." चहा पिऊन मी परत आलो. तिन्ही वेळा.

इन्स्पेक्टरनं सरकारी शिक्क्याची वजनं एकावर एक ठेवली. पाच, दहा, पंधरा. काटा बरोबर पंधरावर. तो कानडी माणूस होता. "काटा सरी इदे," म्हणाला, काटा बरोबर आहे. मग सायकल ठेवायला लावली. तीही पंधरा.

दाराशी गर्दी जमली होती. ज्यांना ज्यांना आण्णांनी चारचौघांत खोटं ठरवलं होतं ते दुकानदारही आले होते. कोणीतरी म्हणालं, "सायकलच लबाड निघाली की!" मोठा हशा झाला.

आण्णा सीटखालचा आकडा बोटानं चाचपत होते. "असं कसं हुईल?" एवढंच म्हणत होते. "असं कसं हुईल?"

चेअरमन मला म्हणाले, "तू सांग रे तुझ्या आण्णांना. शिकलेला माणूस तू."

आणि मी सांगितलं. माझ्या तोंडानं. "आण्णा, काटा बरोबर हाय. सायकलीचंच कायतरी चुकलंय. घरी चला."

ते थांबले. माझ्याकडं बघत म्हणाले, "तू म्हणतोस म्हंजे बरोबरच असंल."

त्या दिवशी त्यांनी सायकलची घडी घातली नाही. हातानं ढकलत घरी नेली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे केलं ते फक्त तेच करू शकत होते. सायकल कधीपासून खोटी आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. आपला पोस्टातला काटा जसा नकळत बिघडला होता, तशीच हीही कधीपासून तरी बिघडली असणार. मग दहा-बारा वर्षांत ज्यांना आपण लबाड म्हटलं ते कदाचित लबाड नव्हतेच. ते एकेका दुकानात गेले. सायकल न घेता, रिकाम्या हातानं. पायरीखाली उभे राहून म्हणत, "माझ्याकडनं चूक झाली. माफी असावी." किराणावाला, रेशनवाला, पेढेवाला. खरे जे होते ते शरमले. खोटे जे होते त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, मोठ्या मनानं माफ केलं. वखारीतल्या दिवाणजीनं बायकांसमोर माफी मागायला लावली. त्यांनी मागितली.

आई त्या बायकांत उभी होती. पंधरा दिवसांनी म्हणाली, "बुट्टी परत हलकी भराय लागली."

मी जेवत होतो.

"आण्णा म्हणत्यात त्यांचं चुकलं. पर माझा हात कसा चुकंल? रोज उचलती मी." माझ्या ताटात भाकरी वाढत म्हणाली, "तुला काय वाटतंय रं? तू शिकलाईस."

मला काय वाटतंय ते मी सांगितलं नाही. सहा महिन्यांनी नोकरी कायम झाली तेव्हा आईचं वखारीत जाणं बंद केलं. गल्लीत सगळे म्हणाले, पोरगा असावा तर असा. बाकीच्या एकोणतीस बायकांचे मुलगे सुपरवायझर नव्हते.

आण्णा त्यानंतर चार-पाच वर्षं होते. भांडारात येत, टोपली घेत, मी जे तोलून देईन ते न बघता पिशवीत टाकत. वागण्यात काही फरक नाही. "बरा हाईस न्हवं?" विचारत. सायकल त्यांच्या घराबाहेर, भिंतीला टेकून उभी असे. उन्हात, पावसात. जी कधी एकटी बाहेर राहिली नव्हती ती.

ते गेल्यावर बाराव्या दिवशी काकूंनी मला बोलावलं. "सायकल तू ने. दुसऱ्या कुणाला दिऊ नका, त्यालाच द्या, म्हणून सांगून गेल्यात."

मी ती ओट्यावर घेऊन पुसायला बसलो. सीटखालच्या ओळी पुसून वर आल्या. साडेचौदा, तारीख. साडेचौदा, तारीख. सगळ्यात खाली एक ओळ मी कधी बघितली नव्हती. अक्षर कापरं झालं होतं, पण त्यांचंच होतं.

पंधरा. मागचं चाक दुसरं आहे.

तारीख नव्हती. त्या माणसानं तारखेशिवाय कधी काही लिहिलं नव्हतं. ही ओळ माफी मागून आल्यावर आठवड्यानं लिहिली की मरायच्या आधी आठवड्यानं, हे मला कळू नये म्हणूनच त्यांनी ती घातली नसावी. काकूंना विचारलं. "मला काय ठाव बाबा," त्या म्हणाल्या, "त्यांची सवत ती, माझ्याशी कुठं बोलती?" आणि रडायला लागल्या. आण्णांशिवाय ती सायकल घेऊन निपाणीच्या बाहेर फक्त एक माणूस गेला होता. आण्णांना हिशेब घालायला वेळ लागला नसणार. एका शब्दानं ते स्वतःला सोडवू शकत होते. तो शब्द त्यांनी सीटखाली लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मजुरीच्या वेळेला मी वखारीत गेलो. दारात चपला काढल्या. चाकं पुसली, घडी घातली, सायकल खांद्यावर घेतली. खांदा भरून आला. हे वजन त्या वयात ते कसं पेलत होते कोण जाणे.

दिवाणजी तोच होता, केस पिकलेला. "या सुपरवायझर साहेब," म्हणून उठायला लागला, मग सायकल दिसली आणि परत बसला. बायका ओळीत उभ्या होत्या. काही आईच्या बरोबरीच्या होत्या, मला ओळखत होत्या.

मी सायकल काट्यावर ठेवली. दांडी चौदावर थांबली.

"एक किलो कमी दाखवतोय," मी म्हणालो. "ही पंधरा किलोंची हाय."

दिवाणजी हसला. वाईट हसला असंही नाही. "साहेब, ही सायकल लबाड हाय हे तुमच्याच भांडारात ठरलंय न्हवं? तुमच्याच तोंडानं आम्ही ऐकलंय. मी बी हुतो की तितं."

"सायकल खरी हाय. मागचं चाक मी बदललं हुतं. आण्णांना सांगितलं नव्हतं."

माझा आवाज मोठा निघाला. बायका माझ्याकडं बघत राहिल्या.

"मग तवाच सांगायचं," दिवाणजी म्हणाला. त्यानं वही उघडली. "जरा बाजूला घ्या साहेब. बायका खोळंबल्यात."

मी सायकल उचलली. मागची बाई पुढं आली आणि तिनं आपली बुट्टी काट्यावर ठेवली.